नाही म्हणण्याची ऐपत



आपल्यापैकी बहुतेकांनी मुलांना लहानपणापासून तीन रस्ते दाखवले. डॉक्टर, इंजिनिअर, आणि मूल फारच वाद घालणारे निघाले तर वकील. मुले मोठी झाली, कॉलेजात गेली आणि भलतीच नावे सांगू लागली. त्यांतले एक अलीकडे वारंवार कानावर येते: बिहेविअरल डिझाइन. मी सोळा वर्षे याच कामावर पोट भरते आहे हे माहीत असल्यामुळे ओळखीच्या घरांतून मला फोन येतात. प्रश्न ठरलेले असतात. हे नक्की काय असते? यात नोकऱ्या आहेत का? आणि मग जरा थांबून, आवाज खाली आणून, पैसे किती मिळतात? या तिन्हींची उत्तरे मी देतेच. पण तितकाच महत्त्वाचा एक चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो विचारला जावा म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला प्रश्न आधी. माणूस जे करायचे ठरवतो आणि प्रत्यक्षात जे करतो त्यांत अंतर पडते, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होते. त्या अंतरालाही नियम असतात, ते कुठे पडेल हे आधी सांगता येते, हे डॅनिएल काहनेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात प्रयोगांनी दाखवले. त्याबद्दल काहनेमानना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ट्वर्स्की त्याआधीच, १९९६ साली गेले होते. २००८ मध्ये रिचर्ड थेलर आणि कॅस सन्स्टीन यांचे 'नज' हे पुस्तक आले आणि विषय घरोघरी पोचला. नज म्हणजे कोपराने हळूच ढोसणे. बंदी नाही, दंड नाही, बक्षीसही नाही. फक्त मांडणी अशी करायची की माणूस अमुक बाजूला वळेल. पंगतीतल्या वाढप्याला हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते, पण मठ्ठा आधी फिरवायचा की जिलबी, यावर किती जिलब्या संपणार हे ठरते, हे त्याला पक्के माहीत असे. बिहेविअरल डिझाइन हे असे वाढप्याचे काम आहे. अर्ज, पत्रे, बिले, ॲप, जिथे जिथे माणसाला काही ठरवायचे असते तिथली मांडणी करणे.

रोजचे काम फारसे झगमगीत नसते. लोक फॉर्म भरताना कुठे अडखळतात ते शेजारी बसून बघायचे, एखादे वाक्य बदलायचे, निम्म्या लोकांना जुना फॉर्म आणि निम्म्यांना नवा पाठवायचा, आकडे मोजायचे, आणि पुष्कळदा फरक काहीच पडला नाही हे साहेबांना सांगायचे. शिक्षणाचे म्हणाल तर मानसशास्त्र, अर्थशास्त्र, संगणकशास्त्र यांपैकी कुठूनही येता येते. कार्नेगी मेलन, पेनसिल्वेनिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स इथे या विषयाचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. संख्याशास्त्र मात्र पक्के हवे. त्याला पर्याय नाही.

या विद्येची ताकद काय आहे हे समजून घ्यायला आपल्या सर्वांच्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. इथे पहिली नोकरी धरली तेव्हा ४०१-केचा फॉर्म आपणहून भरावा लागत असे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. कित्येकांचा तो ड्रॉवरमध्येच पडून राहायचा. एका कंपनीने उलटे केले. नवा माणूस आला की त्याचे नाव योजनेत घातलेलेच. नको असेल तर त्याने तसे कळवायचे. ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांनी २००१ साली या बदलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. योजनेत येणाऱ्यांचे प्रमाण ४९ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेले होते. पगार तोच, माणसे तशीच, पर्यायही तेच. फॉर्मवरची खूण कोणी करायची एवढाच काय तो फरक.

पण त्याच निबंधातली दुसरी गोष्ट लोक सांगत नाहीत, आणि मला ती जास्त बोलकी वाटते. कंपनीने आपल्या बाजूने ठरवून ठेवलेली कपात होती ३ टक्के, आणि पैसे जायचे ते मनी मार्केट फंडात. बहुसंख्य लोक तिथेच राहिले. एरवी आपणहून योजनेत आले असते तर ज्यांनी जास्त रक्कम बाजूला टाकली असती, असेही बरेच जण ३ टक्क्यांवर बसले. हे ३ टक्के आले कुठून? १९९८ साली सरकारने अशा योजनांना परवानगी देणारा जो खुलासा काढला, त्यात उदाहरणादाखल हा आकडा होता. केवळ उदाहरण! ते पाहून देशभरातल्या कंपन्यांनी तोच उचलला. वाढप्याने ताटात जेवढे टाकले तेवढ्यावरच लोक उठले. पुढे २००६च्या कायद्याने या पद्धतीला बळ दिले, आणि २०२२च्या कायद्यामुळे २०२५ पासून बहुतेक नव्या योजनांना ती सक्तीची झाली.

अशा कामात मनापासून समाधान असते. एका रुग्णालयाचा बिलमाफीचा अर्ज अकरा पानांवरून दोन पानांवर आणण्यात मी सात महिने घालवले, आणि माझ्या सोळा वर्षांतले ते सर्वात चांगले काम आहे असे मी समजते. तेव्हा मुलांनी हे क्षेत्र निवडू नये असे मी कधीच सांगत नाही. पंगत कोणाची आहे ते बघ, इतकेच सांगते.

कारण वाढप्याचे कसब तेच राहते, यजमान बदलतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी! नताशा डाऊ शुल यांचे २०१२चे 'ॲडिक्शन बाय डिझाइन' हे पुस्तक लास व्हेगासमधल्या जुगाराच्या यंत्रांवर आहे. खुर्चीची उंची, आवाज, दिवे, हरलेला डाव जिंकल्यासारखा दिसणे, या सगळ्यामागे लोकांनी डोके चालवले आहे, आणि हेतू एकच, माणूस खुर्चीवरून उठू नये. ॲमेझॉनचे प्रकरण आपण सर्वांनी वाचले असेल. प्राइमची वर्गणी बंद करायची प्रक्रिया चार पाने, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय अशी होती, असे फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ साली दाखल केलेल्या तक्रारीत म्हटले होते. कंपनीत या प्रक्रियेचे नाव होते 'इलियड', म्हणजे ग्रीकांच्या लांबलचक युद्धाचे महाकाव्य. आपल्याकडच्या एखाद्याने 'महाभारत' ठेवले असते. हे नाव ठेवणाऱ्यांना आपण काय करतो आहोत हे कळत नव्हते असे कोण म्हणेल? सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने अडीच अब्ज डॉलरवर तडजोड केली. अशा केसाने गळा कापणाऱ्या मांडणीला हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली 'डार्क पॅटर्न' हे नाव दिले. भारत सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये तिचे तेरा प्रकार नियमांत नोंदवून त्यांना मनाई केली, हेही इथे सांगायला हवे.

आणखी एक उदाहरण, कारण यातला माणूस पुष्कळदा आपल्याच उपखंडातला असतो. न्यूयॉर्क टाइम्सने एप्रिल २०१७ मध्ये उबरवर मोठा लेख छापला होता. दिवसभर गाडी चालवून चालक ॲप बंद करायला गेला की पडद्यावर संदेश येई: अमुक कमाईपासून तुम्ही फक्त इतके डॉलर दूर आहात, खरेच थांबायचे का? 'गाडी चालवत राहा' हे बटण ठळक केलेले. माणसाला गोल आकड्याची ओढ असते हे ज्या संशोधनातून कळले, त्याच संशोधनाचा हा वापर. चालकाला कोणी जबरदस्ती केली नाही. तो कर्मचारीही नव्हता, त्यामुळे ओव्हरटाइमचाही प्रश्न नाही.

आता माझा स्वतःचा अनुभव. काही वर्षांपूर्वी मी एका आरोग्यविषयक ॲपच्या कंपनीत होते. नाव घेत नाही. वर्गणी दोन मिनिटांत सुरू होई. बंद करायला फोन करावा लागे, तोही कार्यालयीन वेळेत. फोन उचलणाऱ्याने काय बोलावे हे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ज्याने आईवडिलांसाठी वर्गणी घेतली असेल त्याला त्यांच्या तब्येतीबद्दल तीन प्रश्न विचारायचे, म्हणजे तिसऱ्या प्रश्नाला तो ओशाळून फोन ठेवेल. भारतात आईवडील ठेवून आलेली माणसे या ॲपची मोठी गिऱ्हाईक होती. मला हे काम कोणी का दिले ते लक्षात आले असेलच. मी ते करणार नाही असे सांगितले. मला कोणी काढले नाही, रागावलेही नाही. दुसऱ्या टीममध्ये पाठवले आणि दोन वर्षे बढती झाली नाही.

काम मात्र थांबले नाही. ते शेजारच्या टेबलावरच्या मुलाकडे गेले. हैदराबादचा, एच-१बीवर, बायकोला सातवा महिना लागलेला. तो माझ्यापेक्षा कमी सज्जन होता असे मला एक क्षणही वाटत नाही. नोकरी गेली तर त्याच्या हातात जास्तीत जास्त ६० दिवस होते. तेवढ्यात दुसरी मिळवायची किंवा गाशा गुंडाळायचा. माझ्या पाकिटात ग्रीन कार्ड होते. आमच्या दोघांच्या नीतिमत्तेतला सगळा फरक त्या पाकिटात होता.

म्हणून चौथा प्रश्न असा: या कामात नाही म्हणण्याची माझी ऐपत आहे का?

कोणी म्हणेल, हा प्रश्न कुठल्या नोकरीत नसतो? असतो, पण सारखा नसतो. डॉक्टरला लायसन्स आहे, ते काढून घेणारे बोर्ड आहे. पूल बांधणाऱ्या इंजिनिअरला कोड आहे, सही आहे. साहेबाने दबाव आणला तर 'माझे लायसन्स जाईल हो' असे म्हणायची त्यांना सोय आहे. बिहेविअरल डिझाइनरला लायसन्स नाही, कोड नाही. विद्यापीठात माणसांवर प्रयोग करायचा तर समितीची परवानगी लागते; कंपनीला आपल्याच ग्राहकांवर प्रयोग करायला सहसा लागत नाही. फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये ६,८९,००३ वापरकर्त्यांना दिसणाऱ्या मजकुरातले आनंदी किंवा दुःखी लेखन कमीजास्त करून त्यांच्या मनःस्थितीवर काय परिणाम होतो ते पाहिले. २०१४ साली निबंध छापून आला तेव्हा गदारोळ झाला. त्या लाखो माणसांतल्या एकालाही विचारले नव्हते. जिथे बाहेरचा धाक इतका कमी, तिथे टेबलावर बसलेल्या माणसाचा नकार हाच बहुतेक वेळा एकमेव ब्रेक असतो. आणि तो दर तिमाहीला लावावा लागतो, कारण दर तिमाहीला आकडा वाढवून दाखवायचा असतो.

मग इथे आपल्या घरांचा संबंध येतो. आपल्या पिढीने व्हिसाच्या भीतीत दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे काढली. मान खाली घालून काम करणे हा आपला स्वभाव नव्हता, ती आपली परिस्थिती होती. पुढे परिस्थिती बदलली तरी सवय राहिली, ते वेगळे. आपली इथे जन्मलेली मुले नागरिक आहेत. त्यांना कोणी साठ दिवसांत विमानात बसवू शकत नाही. म्हणजे ज्या व्यवसायाला नकार देऊ शकणाऱ्या माणसांची सर्वात जास्त गरज आहे, त्यात जायला ती मुले आपल्यापेक्षा कितीतरी योग्य आहेत. पण आपण काय करतो? सर्वात मोठे पॅकेज घ्यायला लावतो, वर्षाच्या आत कर्ज काढून घर घ्यायला लावतो, आणि जी ऐपत त्यांना जन्माने मिळाली ती तिशीच्या आत घालवून टाकायला मदत करतो. मला हे वाईट वाटते आणि मी ते फोनवर स्पष्ट बोलते. काही घरांतून पुन्हा फोन आलेला नाही. असो.

नकार फक्त लुच्चेपणालाच द्यावा लागतो असे मात्र नाही. मुंबईतल्या फायनल माईल या सल्लागार संस्थेने २००९-१०च्या सुमारास हार्बर लाइनवर वडाळ्याला केलेला प्रयोग या क्षेत्रात जगभर सांगितला जातो, आणि खरोखर कौतुकाचा आहे. रूळ ओलांडताना माणसे मरतात, कारण मोठी वस्तू आहे त्यापेक्षा हळू येते आहे असे डोळ्यांना भासते. म्हणून काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे गाडी ते किती भराभर गिळते आहे हे कळावे. एका लांब भोंग्याऐवजी दोन तुटक भोंगे द्यायला सांगितले. गाडीखाली सापडत असलेल्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचे फोटो लावले. मृत्यू कमी झाले, खर्च जवळजवळ नाही. एक जीव वाचला तरी रंगाचे पैसे वसूल, याबद्दल वाद नाही.

पण माणसे रूळ का ओलांडतात? मूर्ख म्हणून? ज्याने मुंबईत सकाळी आठची गाडी पकडली आहे त्याला विचारा. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. ती रूळ ओलांडत नव्हती. नियमाने पुलावरून चालली होती, आणि पूल अरुंद होता. २०२३ सालीही मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वेगवेगळ्या कारणांनी मिळून अडीच हजारांहून अधिक माणसे मेली. पिवळा रंग स्वस्त असतो आणि पूल महाग, म्हणून रंग लावणाऱ्याला बोलावले जाते. बोलावले तर जावे, पण अहवालाच्या पहिल्या पानावर पुलाबद्दल लिहावे, आणि ते पान काढून टाका म्हटले तर तिथेही नाही म्हणावे. निक चेटर आणि जॉर्ज लोवेनस्टीन हे याच क्षेत्रातले मोठे संशोधक. त्यांनी २०२२ साली हेच मांडले, की माणसाला सुधारण्याच्या नादात आपण व्यवस्थेकडून लक्ष काढून घेतले आणि ज्यांना व्यवस्था बदलायची नाही त्यांची सोय केली.

शास्त्राच्या मर्यादाही मुलांना माहीत हव्यात. विद्यापीठांतून छापल्या गेलेल्या निबंधांत अशा प्रयोगांचा सरासरी परिणाम ८.७ टक्के अंकांचा दिसतो. प्रत्यक्ष सरकारी कामात, दोन मोठ्या संस्थांच्या १२६ प्रयोगांत तो १.४ निघाला, असे स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२ साली दाखवले. फॉर्मच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीला घेतली की माणसे खरे लिहितात, हा २०१२चा गाजलेला निबंध बनावट आकड्यांमुळे २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. आणि विषय प्रामाणिकपणाचा!

नाही कधी म्हणायचे हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे. ज्याचे वागणे बदलायचे आहे त्याला सगळी मांडणी उघड सांगितली, तर ती चालेल का? 'नज'च्या लेखकांनीही तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांचा आधार घेऊन हीच अट घातली आहे. 'तुमचे नाव आम्ही योजनेत घातले आहे, नको असेल तर कळवा' हे फलकावर लिहून लावले तरी ४०१-केचे काम अडत नाही. 'तुम्ही कंटाळून सोडून द्यावे म्हणून ही सहा बटणे' असे कोणी लिहील का? गाडगेबाबा खराटा घेऊन गावात शिरत, दिवसा रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनात समोरच्यांना प्रश्नावर प्रश्न विचारत. हा माणूस आपल्याकडून काय करवून घेऊ पाहतो आहे ते समोर बसलेल्या प्रत्येकाला कळत होते, आणि न पटणाऱ्याला उठून जायला वाट मोकळी होती. वागणूक बदलण्याचे काम त्यांनी आमच्यापेक्षा कमी केले असे कोणी म्हणणार नाही.

तेव्हा नोकरीची ऑफर आली की मुलांनी कंपनीचे ध्येयवाक्य वाचत बसू नये. मुलाखतीतच विचारावे, माझ्या कामाचे यश कोणत्या आकड्याने मोजणार? 'लोक किती वेळ ॲपवर राहिले' असे उत्तर आले तर ती जुगाराची खुर्ची समजावी. शेवटचा कोणता प्रयोग तुम्ही चालेल असे दिसूनही सोडून दिलात, हेही विचारावे. उत्तर सुचायला वेळ लागला तर तेही उत्तरच. आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत असेपर्यंत घराचे कर्ज काढू नये. व्हिसावर असलेल्यांना माझा सल्ला वेगळा आहे: पहिली काही वर्षे वैद्यकीय उपकरणे, विमानतळ, सुरक्षितता अशा ठिकाणी काढा, जिथे माणसाची चूक टळणे हे कंपनीच्याही फायद्याचे असते. तिथे नाही म्हणायची वेळ क्वचित येते.

या विद्येची गरज कुठे आहे हे विचारणाऱ्यांसाठी शेवटी एक आकडा. साथीच्या काळात थांबवलेली मेडिकेडची फेरतपासणी एप्रिल २०२३ पासून पुन्हा सुरू झाली, तेव्हा देशभर अडीच कोटींहून अधिक लोकांची नावे वगळली गेली. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून जास्त लोकांची नावे ते अपात्र ठरले म्हणून गेली नाहीत. पत्र जुन्या पत्त्यावर गेले, फॉर्म कळला नाही, पुरावा वेळेत पोचला नाही, असल्या कारणांनी गेली. २०२५च्या कायद्याने आता त्यात काम करत असल्याचे पुरावे देण्याची अट आणली आहे, म्हणजे आणखी फॉर्म. हे फॉर्म कोणीतरी लिहिणार आहे. राज्य सरकारांत, काउंटीत, कायदेविषयक मदत देणाऱ्या संस्थांत त्यासाठी माणसे लागतात. पगार टेक कंपनीपेक्षा पुष्कळ कमी असतो. तिथे 'बिहेविअरल डिझाइनर' अशी पाटी क्वचितच सापडेल. 'प्रोग्रॅम ॲनालिस्ट', 'पॉलिसी असोसिएट', 'सर्व्हिस डिझाइनर' अशा नावांनी जागा निघतात, शोधताना ती नावे टाकावीत. आणि कॉलेजातल्या मुलांना मी सांगते, पहिला उन्हाळा रुग्णालयाच्या बिलांच्या खिडकीमागे काढा. पैसे मिळणार नाहीत, पण फॉर्म हातात घेऊन माणूस कुठे थांबतो ते दिसेल.